चौसष्ट घरांचा आकडा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. ती आठवीत आहे. एका दुपारी आम्ही दोघांनी ताटात गहू पसरले आणि मोजून एक हजार दाणे बाजूला काढले. दहा-दहाच्या ढिगल्या, अशा शंभर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या तर ४० ग्रॅम भरल्या. म्हणजे ग्रॅमला पंचवीस दाणे. गहू टपोरा होता. बारीक असता तर थोडे जास्त बसले असते.

हा उद्योग करायचे कारण बुद्धिबळाची ती जुनी गोष्ट. खेळ शोधून काढणाऱ्या सिस्साला राजा म्हणाला, काय हवे ते माग. त्याने मागितले ते एवढेच की पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जावे. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात ही गोष्ट येते, आणि आपल्याकडे ती शाळेत बहुतेक सगळ्यांनी ऐकलेली असते.

आम्ही पटाची एकेक ओळ वजनात मांडली. पहिल्या ओळीची आठ घरे भरायला २५५ दाणे लागतात, म्हणजे दहा ग्रॅम. दुसरी ओळ संपेपर्यंत एकूण ६५,५३५ दाणे, दोन किलो सहाशे ग्रॅम. तिसरी संपेपर्यंत १,६७,७७,२१५ दाणे. वजन ६७१ किलो, पन्नास किलोची साडेतेरा पोती. चौथी ओळ संपली, अर्धा पट झाला, तेव्हा ४,२९,४९,६७,२९५ दाणे आणि सुमारे १७२ टन, म्हणजे दहा टन माल नेणारे सतरा ट्रक. इथवर राजा वाचतो. एखाद्या बऱ्यापैकी गोदामात एवढा गहू असतोच. बुडतो तो उरलेल्या अर्ध्या पटावर. सगळी घरे भरायला सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागतो. आज सगळे जग मिळून वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकवते. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक.

गोष्ट इथे संपते आणि ऐकणारा "बापरे" म्हणून उठतो. मला याचीच हळहळ वाटते. कारण त्या दाण्यांची संख्या नुसती मोठी नाही. ती आतून फार सुंदर आहे, आणि तिच्या पोटात गणिताचा शेकडो वर्षांचा इतिहास आहे. ती संख्या अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंक. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एक, दश, शत यांपासून दिलेली स्थानांची नावे अठराव्या स्थानी, परार्धावर थांबतात. आपली संख्या १८४ परार्ध भरून वर उरते. कोटीच्या भाषेत बोलायचे तर १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी आणि वर बरेच काही.

कागदावर आकडा पाहून भाचीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मामा, दुपटीच दुपटी केल्या ना? मग शेवटी ५ कसे?" प्रश्न नेमका होता. दुप्पट केलेली संख्या सम असायला हवी. पण पहिल्या घरात एकच दाणा आहे, आणि तो एकटा सगळ्या बेरजेला विषम करतो. पटावर पाहा: चौथ्या घरात आठ दाणे, त्याआधीच्या तीन घरांत मिळून सात. पाचव्यात सोळा, आधीच्या चारांत पंधरा. कोणतेही घर त्याच्या मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेहून बरोबर एकाने मोठे असते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पटाबाहेरच्या पासष्टाव्या घरात जेवढे दाणे आले असते त्याहून एक कमी. २ चा ६४ वा घात, उणे १. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून त्या घाताच्या शेवटी ६ येतो, आणि एक काढला की ५.

हा घात काढायला त्रेसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही. दोनाचा वर्ग चार. चाराचा सोळा. सोळाचा २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्याचा ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचा वर्ग केला की आपण पोहोचलो. सहा गुणाकार, शेवटचे दोन तेवढे किचकट. अल्-बिरुनीने इ.स. १००० च्या सुमारास वर्ग करत जाण्याच्या याच मार्गाने पटाची बेरीज काढली आणि अचूक वीस अंकी उत्तर लिहून ठेवले. त्याच्याही कितीतरी आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात हीच युक्ती आहे: घातांक सम असेल तर अर्धा करा आणि वर्ग घ्या, विषम असेल तर एक कमी करा आणि दुप्पट करा.

पिंगलाला हे कशाला हवे होते? वृत्तासाठी. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. आठ अक्षरांच्या चरणात लघू-गुरूंच्या किती मांडण्या होतील, तर २५६. अनुष्टुभाच्या एका श्लोकात बत्तीस अक्षरे असतात, दोन श्लोकांत चौसष्ट. वृत्ताचे नियम बाजूला ठेवून त्या चौसष्ट अक्षरांच्या लघू-गुरूंच्या सगळ्या मांडण्या मोजल्या, आणि सगळी अक्षरे गुरू ही एक मांडणी सोडून दिली, की नेमकी सिस्साच्या दाण्यांची संख्या मिळते. अर्धा पट म्हणजे एक श्लोक, पूर्ण पट म्हणजे दोन. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

आता संख्येच्या आत शिरू. तिचे अवयव पाडायचे आहेत. वीस अंकी संख्येचे अवयव हाताने पाडणे म्हणजे डोंगर पोखरणे, पण इथे आठवीच्या पुस्तकातले एक सूत्र पुरते: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग उणे १ चा वर्ग. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५ यांचा गुणाकार. यातली धाकटी पुन्हा ६५,५३६ चा वर्ग उणे १. म्हणजे ६५,५३७ गुणिले ६५,५३५. पुन्हा तेच: २५७ गुणिले २५५. पुन्हा: १७ गुणिले १५. आणि १५ म्हणजे ५ गुणिले ३. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तशी ती सुटते, आणि हातात येते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

पिएर द फर्मा हा फ्रान्समधला न्यायाधीश. गणित तो फावल्या वेळात करायचा आणि शोध पत्रांतून कळवायचा. १६४० च्या सुमारास त्याचे लक्ष या संख्यांच्या रांगेवर गेले. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत; त्यांना १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही. पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असे त्याने ठामपणे लिहिले. सिद्धता आपल्याकडे नाही हेही मान्य केले. फर्माचे अंदाज सहसा खरे निघत. या अंदाजाच्या खरे-खोट्याचा निवाडा सहाव्या संख्येवर, म्हणजे आपल्या यादीतल्या शेवटच्या, दहा अंकी संख्येवर अवलंबून होता.

सुमारे ९० वर्षे तो लागला नाही. १७३२ साली लिओनार्ड ऑयलरने दाखवले की ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. फर्मा चुकला होता.

ऑयलरने ६४१ शोधला कसा? एकेका मूळ संख्येने भाग देत गेले तर ६४१ पर्यंत पोहोचायला शंभरावर भागाकार करावे लागतात. ऑयलरने पुढे सिद्ध केले की या दहा अंकी संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असला पाहिजे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१… या रांगेतल्या मूळ संख्या तेवढ्या घ्यायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला भाग जातो. ६४१ म्हणजे दहा चौसष्टा अधिक एक. दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही १,०४,६९४ चौसष्टा अधिक एक. पटाच्या घरांची संख्या अशी पटाच्या बेरजेच्या अवयवांत उमटलेली आहे.

भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते. ही सुटसुटीत युक्ती ऑयलरच्या नंतरची आहे, पण इतकी देखणी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ६४० हा ६४१ पेक्षा एकाने कमी, म्हणून ६४१ ने भागायच्या हिशेबात ६४० ला "उणे एक" धरता येते. उणे एकाचा चौथा घात एक. म्हणजे ६४० चा चौथा घात या हिशेबात १. पण ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, आणि १२८ हा दोनाचा सातवा घात. तेव्हा ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. आता ६२५ हा ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणून तो "उणे सोळा". सोळा हा दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार मिळून बत्तीस. म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, उणे चिन्हासकट, १ इतका. तोच घात मग उणे १. त्यात १ मिळवला की शून्य. भाग निःशेष गेला! भाचीला दोनदा समजावून सांगावे लागले. तिसऱ्यांदा तिने मला समजावून सांगितले.

तर पूर्ण पटाच्या संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच. त्यामुळे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या बरोबर १२८. दोनाचा सातवा घात. पटाच्या पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात जितके दाणे, तितके तिचे विभाजक.

या संख्यांना दुसरा जन्म मिळाला तो भूमितीत. फक्त पट्टी आणि कंपास वापरून समभुज त्रिकोण, चौरस, सुसम पंचकोन काढता येतात हे ग्रीकांना ठाऊक होते. सात बाजूंचा काढता येत नव्हता, आणि सतरा बाजूंचा येईल हे दोन हजार वर्षे कोणाच्या मनात आले नव्हते. ३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रीडरिश गाउस या अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या रोजनिशीत पहिली नोंद केली: सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते. त्याने सामान्य नियमही दिला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या यादीतली मूळ संख्या किंवा त्यातल्या निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली तर आकृती काढता येते. इतर कोणत्याही विषम संख्येला ती काढता येत नाही, याची सिद्धता पिएर वान्त्सेलने १८३७ मध्ये पूर्ण केली.

अशा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत. पाचांतून काही निवडून गुणाकार करायचे तर ३१ प्रकारे होतात, म्हणून काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या ज्ञात आकृत्या ३१. त्यांतली सर्वांत मोठी पाचही संख्यांच्या गुणाकाराची: ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. हा आकडा वर येऊन गेला आहे. अर्ध्या पटावरचे दाणे. ज्या आकड्यापर्यंत राजाच्या गोदामाला झेपते, तिथेच पट्टी-कंपासची ज्ञात हद्दही येते. ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यात योहान हेर्मेस या जर्मन गणितज्ञाने दहा वर्षे घालवली. दोनशेहून अधिक पानांचे ते हस्तलिखित ग्यॉटिंगेन विद्यापीठात जपून ठेवलेले आहे. ती आकृती कागदावर काढली तर डोळ्यांना वर्तुळच दिसेल, तरी माणसाने दहा वर्षे दिली. मला त्या माणसाविषयी आदर वाटतो.

संगणकाच्या काळात आपली संख्या रोज वापरात आली. संगणक संख्या शून्य आणि एक यांत लिहितो, पिंगलाचे लघू-गुरूच. आजच्या संगणकात एका संख्येसाठी साधारण ६४ जागा असतात. सगळ्या जागी एक-एक भरला की होते ती सिस्साची संख्या. त्यात एक मिळवला की जुन्या मोटारींचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा तसे सगळे शून्य होते. जुन्या यंत्रणांत जागा ३२ असत, आणि त्यातली एक उणे-अधिक चिन्हाला जाई. त्या यंत्रणांत १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जातील. तोवर ती बदलावीच लागतील. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवरच्या ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याची प्रेक्षकसंख्या २,१४,७४,८३,६४७ ची हद्द ओलांडून गेली, आणि कंपनीने मोजणी ६४ जागांवर नेल्याचे सांगितले. चौसष्ट जागांची हद्द सेकंदांत मोजली तर ५८४ अब्ज वर्षे होतात, विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे ४२ पट.

एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये चकत्या आणि तीन खुंट्यांचा खेळ बाजारात आणला, तेव्हाही हीच संख्या पुढे आली. काशीच्या देवळात पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या हलवत बसले आहेत ही त्या खेळाभोवती युरोपात रचलेली गोष्ट. पण गणित खरे आहे. एक चकती वाढली की चाली दुप्पट अधिक एक: १, ३, ७, १५… चौसष्ट चकत्यांना पटावरच्या दाण्यांइतक्याच चाली लागतात.

शेवटचे सांगायचे ते मेरूविषयी. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार समजावून दिला आहे. शिखरावर १. खालच्या प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना १, आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. पाश्चात्त्य पुस्तकांत यालाच पास्कलचा त्रिकोण म्हणतात. त्यात विषम संख्येच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. ओळी येतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११… म्हणजे १, ३, ५, १५, १७, ५१… शिखरावरची १ सोडली तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे गाउसच्या त्या ३१ आकृत्यांच्या बाजू, चढत्या क्रमाने, एकही न चुकता! बत्तिसावी ओळ सगळी एकांची: अर्ध्या पटाची संख्या. तेहेतिसावीत दोन्ही टोकांना एक आणि मधे सगळी शून्ये. ती संख्या ४,२९,४९,६७,२९७, आणि तिथे ६४१ आडवा येतो. नक्षी पुढे तशीच चालू राहते, आकृत्यांशी असलेले नाते मात्र तुटते. चौसष्टाव्या ओळीत पुन्हा सगळे एक. तो पूर्ण पट.

फर्माच्या रांगेत ६५,५३७ नंतरच्या सलग २८ संख्या तपासून झाल्या; एकही मूळ निघाली नाही. त्यांच्या पुढची संख्या सुमारे २५८ कोटी अंकांची आहे आणि तिचा निकाल अजून लागलेला नाही.

भाचीने सुट्टीत आलेख-कागद एकाखाली एक चिकटवून मेरूच्या चौसष्टही ओळी काढल्या. त्यासाठी बेरजाही कराव्या लागत नाहीत. वरच्या दोन शेजाऱ्यांत एक १ आणि एक ० असेल तर खाली १, दोन्ही सारखे असतील तर ०, एवढेच करत जायचे, आणि टोकांना १ लिहायचा. एकांची घरे शिसपेन्सिलीने काळी करा. त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण अशी जाळी उमटत जाते, आणि शेवटची ओळ सलग काळी भरते. घरात आठवी-नववीतले मूल असेल तर त्याला सोबत घेऊन एका रविवारी हे करून पाहा. दोन-तीन तास लागतात.